घोड-भीमेच्या काठाने : शिरूर ते दौंड

आमचे दाजी २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या पुण्यानुमोदनासाठी आम्ही शिरूरहून दौंडला जातो. एस. टी. ला गर्दी असते, वर उन्हाचा तडाखा. न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला, पाटस अशी गावे घेत गाडी दौंडला पोचते तोवर सूर्य डोक्यावर आलेला असतो. खिडकीशी जागा मिळाली की प्रत्येक थांब्यावर त्या दोन वर्षांतले काही ना काही आठवते. यंदा ठरवले की हे लिहून काढावे. आम्ही पेशाने कारकून, नोंद करून ठेवण्याची खोड जुनीच.

ज्या वाचकांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिरूर घोड नदीच्या काठी आहे. जुनी माणसे गावाला अजून ‘घोडनदी’च म्हणतात. पुणे-नगर रस्त्यावरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि श्रीगोंदा तालुका लागतो. दौंड भीमेच्या काठी, आणि तेथेही नदीपलीकडे श्रीगोंदा तालुकाच. घोड पुढे जाऊन भीमेला मिळते, म्हणजे शिरूरचे पाणी शेवटी दौंडवरूनच जाते. दोन्ही गावे जिल्ह्याच्या अगदी टोकाला. एरवी ही हद्द कोणाच्या ध्यानातही येत नाही. बाजार अलीकडे, शेत पलीकडे. सासर या काठाला, माहेर त्या काठाला. पलीकडची पोरे सकाळी पूल ओलांडून रांजणगावच्या एम. आय. डी. सी. त कामाला येतात आणि रात्री घरी जातात.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १४ मार्चला राज्य सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नियम काढले. २५ मार्चपासून देश बंद झाला, आणि आमच्या पुलावर पोलिसांचे लोखंडी कठडे आले. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, आम्हाला परमुलूख झाला. पुलाच्या त्या टोकाला आमच्या ओळखीच्या एका बाईची म्हैस, या टोकाला तिचे घर. रोज धारेला जायचे तर पास पाहिजे, आणि पास काढायचा तर मोबाईल पाहिजे. ती बाई आमच्या दारात आली आणि म्हणाली, “दादा, म्हशीला काय सांगू, आज पास न्हाय म्हणून?”

आम्ही तिचा अर्ज भरून दिला. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर अर्जवाल्यांची रांग सुरू झाली, ती पुढे दोन वर्षे मोडली नाही.

त्या साथरोग कायद्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईने केलेला. अवघी चार कलमे. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे, लोकांसाठी सरकारने काय करावे याविषयी फारसे काही नाही. आणि त्याच साली, १० मार्चला, सावित्रीमाई प्लेगने गेल्या. डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले, आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. कायदा आणि माई यांच्यात सव्वा महिन्याचे अंतर. शाळेत असताना आम्ही या दोन गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत वाचल्या होत्या. त्या एकाच पुण्यातल्या, एकाच महिन्या-दोन महिन्यांतल्या आहेत, हे २०२० साली घरात बसल्यावर समजले.

गाडी शिरूर सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागते. या बाजूच्या सगळ्या खेड्यांनी त्या एप्रिलात वेशी बंद केल्या होत्या. कोठे बाभळीच्या फांद्या, कोठे बैलगाडी, कोठे गटाराचे सिमेंटचे पाइप आडवे. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला आधी वेशीवर थांबवायचे, नाव-गाव लिहून घ्यायचे, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ‘कोरंटाईन’. साथीच्या दृष्टीने हे बरोबरच होते, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. पण वेशीवर अडवले जाणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ज्यांना ते कधी ठाऊक नव्हते त्यांची पोरे तेव्हा प्रथमच आपल्याच गावाबाहेर पिशव्या घेऊन उभी राहिलेली पाहिली. सरपंचाचा सख्खा पुतण्या शाळेच्या वऱ्हांड्यात आणि शेजारच्या सतरंजीवर मातंग वस्तीतला पेंटर, दोघांना डबा एकाच घरून, असेही एका गावी घडले. चौदा दिवस संपले तेव्हा जो तो आपल्या आळीला गेला.

गावकारभाराचे म्हणाल तर, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी सेविका एवढ्यांवर सगळा गाडा होता. मधेच २०२० च्या पावसाळ्यात पुष्कळ ग्रामपंचायतींची मुदत संपली. साथीमुळे निवडणुका घेता येईनात, म्हणून प्रशासक बसवले. एकेका विस्तार अधिकाऱ्याकडे चार-चार गावे. ऐन साथीत गावाला विचारायला हक्काचा माणूस नाही, अशी स्थिती काही ठिकाणी झाली. शेवटी १५ जानेवारी २०२१ ला मतदान झाले. आर्सेनिक अल्बम-३० च्या होमिओपॅथी गोळ्याही गावोगाव वाटल्या गेल्या. त्यांनी कोरोना टळतो याला पुरावा नाही. तोच पैसा मास्क आणि ऑक्सिमीटरवर गेला असता तर बरे, असे आम्ही एका ग्रामसभेत म्हणालो. चार लोक हसले आणि बाकीच्यांनी गोळ्या घेतल्या.

न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना आहे. टाळेबंदी लागली तेव्हा गळीत हंगाम संपत आला होता आणि बीड-नगरकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात जागोजागी अडकले होते. काम संपले, उचल संपली, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नाही. १७ एप्रिल २०२० ला सरकारने तपासणी करून त्यांना घरी सोडण्याचा निर्णय घेतला. राज्यात असे सुमारे सव्वा लाख मजूर होते. ट्रॅक्टरमागे ट्रॉलीत बायका, पोरे, कोंबड्या, चुलीचे दगडसुद्धा.

येथे आम्हाला आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. त्या वर्षी भीमजयंतीची वर्गणी आधीच गोळा झाली होती. १४ एप्रिलला मिरवणूक नाही, जलसा नाही. त्याच दिवशी सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे पंतप्रधानांनी दूरदर्शनवर सांगितले. लोकांनी घराघरांत बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली, पोरांना पांढरे कपडे घातले, त्रिशरण-पंचशील मोबाईलवर एकत्र म्हटले. मंडळाने ठरवले की वर्गणीतून धान्य वाटायचे. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती आणि साबण. हिशेब आमच्याकडे आला. आम्ही बी. कॉम., तेव्हा यादी शिस्तीत केली. रेशनकार्डाचा नंबर, कुटुंबप्रमुख, माणसे किती, सही किंवा अंगठा. दोन दिवसांत वाटप झाले. वही अशी नेटकी की कोणीही तपासावी.

तिसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीशी एक पारधी बाई कडेवर मूल घेऊन उभी. नदीच्या कडेला त्यांची पाले होती. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिने विचारले, “ज्याच्याकडं कारड न्हाय त्यानं कुठं जायाचं, साहेब?” त्यांच्याकडे कार्ड नव्हते, म्हणून आमच्या यादीत रकाना नव्हता, म्हणून ती माणसेच नव्हती. कोणी मुद्दाम वगळले नव्हते. आम्ही रोज सायकलवरून त्या पालांवरून जात होतो. पुढे मे-जूनमध्ये सरकारनेही कार्ड नसलेल्यांसाठी माणशी पाच किलो धान्य दिले, पण ते पुढे. त्या दिवशी आम्ही वही मिटवली आणि मंडळातली पोरे पालावर जाऊन माणसे मोजून आली. उरलेल्या पैशात पुरले नाही, तेव्हा घरोघर एकेक वाटी डाळ पुन्हा मागितली. लोकांनी दिली.

ज्या रात्री कोरेगाव भीमाच्या लढाईला सैन्य निघाले ते याच शिरूरहून, ३१ डिसेंबर १८१७ ला. २०२१ च्या १ जानेवारीला मात्र पेरण्याच्या विजयस्तंभाकडे गर्दी करू नका, घरूनच मानवंदना द्या, असे सरकारने आणि आपल्या संघटनांनीही सांगितले. दूरदर्शनवर कार्यक्रम दाखवला. ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीचेही तसेच. वर्षानुवर्षे पायी जाणारी म्हातारी माणसे टी. व्ही. समोर हात जोडून बसली. ज्यांना वाटते की आपला समाज फक्त गर्दी करायला शिकला आहे, त्यांनी ती दोन्ही दिवसांची मोकळी मैदाने आठवावीत.

पारगावला भीमा ओलांडून आपण दौंड तालुक्यात शिरतो आणि थोड्याच वेळात केडगाव येते. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. धर्माच्या बाबतीत त्यांची वाट वेगळी होती, पण साथीच्या गोष्टीत केडगाव टाळून पुढे जाता येत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि अनाथ मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, त्यामुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. म्हणून त्यांना केडगावच्या शेतात आणून झोपड्यांत ठेवले. त्यातून ‘मुक्ती’ उभी राहिली. प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते, हे रमाबाईंनी त्याच वर्षी वृत्तपत्रातून उघड लिहिले आणि सरकारचा राग ओढवून घेतला.

केडगावच्या थांब्यावर आम्हाला दरवर्षी अक्काची आठवण होते. कोरोनाने मागे ठेवलेल्या विधवा पुष्कळ, आणि बहुतेक चाळिशीच्या आतबाहेरच्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ काढले, तालुक्या-तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने तर ४ मे २०२२ ला ठराव केला की आमच्या गावात बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. मग सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींना त्याचे परिपत्रक काढले. आपल्यात हे केव्हाच बंद व्हायला हवे होते. पण दाजींच्या वेळी अक्काच्या चुलतसासूने बांगड्यांना हात घातलाच होता. धाकट्या भाचीने म्हातारीचा हात धरला.

चौफुल्याला सोलापूर रस्ता लागतो. येथली कला केंद्रे प्रसिद्ध. साथीत ती महिनोन्महिने बंद होती, आणि पायात चाळ बांधून घर चालवणाऱ्या बाया भाजी विकायला बसल्या. पुढे पाटस, आणि मग दौंड.

दौंड हे रेल्वेचे गाव. इंग्रजांच्या कागदांत त्याचे नाव ‘धोंड’. मनमाडची लाइन येथून १८७८ साली निघाली. रेल्वे जशी माणसे आणते तशी साथही आणते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई बंदरातून आलेला ताप रुळांच्या वाटेने आत आत गेला. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे मेल्याचा अंदाज आहे. १९२१ च्या खानेसुमारीत भारताची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आमची पणजी त्याला ‘मानमोडी’ म्हणत असे, असे आजी सांगायची.

२०२० मध्ये साथ दौंडला रेल्वेने आली नाही, कारण रेल्वेच बंद होती. ती आली बंदोबस्ताच्या गाडीतून. राज्य राखीव पोलीस दलाचे गट दौंडला आहेत. मुंबईच्या बंदोबस्तावरून एप्रिलच्या अखेरीस परतलेले जवान बाधित निघाले आणि सगळे शहर धास्तावले. त्या पोरांकडे लोक चोरासारखे बघत होते. बंदोबस्ताला ती हौसेने गेली नव्हती. आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. रेल्वे बंद आहे असे समजून ते रुळांवर टेकले होते. दाजी ठेकेदाराकडे रेल्वेच्या सफाईच्या कामावर होते. ते म्हणाले, “गाड्या बंद, पण मालगाड्या चालूच होत्या, हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.”

दाजींची गोष्ट लांबवीत नाही. दुसऱ्या लाटेत ताप आला. सरकारी तपासणीत पॉझिटिव्ह. पाचव्या दिवशी धाप लागली. दौंडमध्ये ऑक्सिजनची खाट मिळेना, पुण्याला तर फोनच कोणी उचलीना. शेवटी भाच्याने भीमेपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यातील एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे अनामत रक्कम भरल्याशिवाय आत घेतले नाही. अक्काचे डोरले गेले. आठव्या दिवशी दाजी गेले. अंत्यविधी तिकडच्याच सफाई कामगारांनी केला, पांढऱ्या पोशाखात. साथीतही हे काम शेवटी कोणाच्या हाती आले, हे वाचकांना सांगायला नको. भाच्याने लांबूनच हात जोडले.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून कोरोनाने मृत झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यायचे ठरले, तेव्हा आम्ही अक्काचा अर्ज भरला. मृत्यू पलीकडे झाला म्हणून दाखला पलीकडचा. त्यावर कारण लिहिलेले नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘न्युमोनिया’. तपासणीचा अहवाल दवाखान्याने ठेवून घेतला, तो हरवला. अलीकडच्या एका कार्यालयात म्हणाले, मृत्यू पलीकडचा आहे, तिकडे जा. पलीकडच्या कार्यालयात म्हणाले, पत्ता दौंडचा आहे, इकडे का आलात? आम्ही स्वतः कारकून. टेबलाच्या आतल्या बाजूने अशी उत्तरे कशी दिली जातात ते आम्हाला ठाऊक आहे. कधीकाळी आम्हीही दिली असतील. बाहेरच्या बाजूला उभे राहून ऐकली तेव्हा पाय लटपटले.

नियम असा होता की तपासणीत कोरोना निघाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला तर तो कोरोनाचाच धरावा. म्हणजे सगळे अडले होते तपासणीच्या तारखेवर. तारीख सापडली ती अक्काच्या वस्तीतल्या आशाताईंच्या वहीत. शाळेची साधी वही, वर पोरांच्या कार्टूनचे चित्र. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हापासून ताईंनी वस्तीतल्या घरांची माणसे, ताप, ऑक्सिजन आणि तपासणी असे रकाने स्वतःच आखले होते. मोहीम संपली, वही चालूच राहिली. दाजींच्या नावापुढे तारीख, केंद्राचे नाव, नोंदणी क्रमांक, आणि कडेला पेन्सिलीने ‘सांगूनही कामावर गेले’. त्या क्रमांकावरून अहवालाची प्रत निघाली. तक्रार समितीपुढे ती ठेवली आणि प्रकरण मंजूर झाले. पैसे अक्काच्या खात्यात आले आणि सावकाराकडे गेले. डोरले सुटले नाही.

याच आशाताई जून २०२१ मध्ये संपावर गेल्या होत्या. राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा तेव्हा संपावर होत्या. दीड हजार रुपयांची वाढ मिळाली तेव्हा संप मिटला. त्यात पाचशे रुपये कोरोना भत्ता. त्या काळात काही लोक म्हणत, ऐन साथीत संप कसला? आम्ही त्यांना वही दाखवायला नेले असते, पण वही आम्हालाच तोवर ठाऊक नव्हती.

यंदा पुण्यानुमोदन आटोपल्यावर जेवणे झाली. भंतेजी गेले. उन्हे उतरल्यावर ताई आल्या. शेजारच्या नव्या बाळंतिणीकडे त्यांचे काम होते. अक्काने चहा ठेवला. आम्ही त्यांना म्हणालो, “ताई, ती वही अजून आहे का?”

“आहे की दादा. कार्यालयात नेऊन देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, आता काय करायची.”

“मग?”

“पेटीत ठेवलीय. पोरगी रद्दीत घालायला निघाली होती, तिला म्हटलं, हात लावू नको.”

आम्ही मागितली तशी त्यांनी ती घरून आणून दिली. आम्ही ओसरीवर बसून पाने चाळली. भोवतालच्या सगळ्या वस्तीची नावे होती. शेवटच्या काही पानांवर, वेगळ्या शाईने, रेल्वे पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांची यादी होती. रेशनकार्डाच्या रकान्यात सगळीकडे फुली, आणि पुढे माणसे किती ते लिहिलेले.

शेवटची शिरूर गाडी गाठायची होती. अक्काने पिशवीत पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, “पुलावर उतरून त्या म्हशीवाल्या बाईला दोन दे. मागच्या वर्षी विसरलास.”